एका टेंगळाचं बारसं

स्कार्नेसच्या बायकांना जमिनीचा उतार जसा वाचता येतो, तसा जगात कुणालाच येत नाही. हे त्या स्वतःच सांगतात, त्यामुळे खरं असणारच.

गावाच्या टोकाला, समुद्राला खेटून पुरुषांचं गोल्फचं मैदान आहे. तिथं पुरुष चेंडू हाणतात, हरवतात आणि घरी येऊन वाऱ्याला शिव्या घालतात. त्याच्या कडेला, वाळूच्या टेकड्या आणि पिवळ्या काटेरी झुडपांच्या मधे, बायकांच्या पटिंग क्लबचं ग्रीन, म्हणजे बारीक कापलेली हिरवळ. इथं हाणामारी नाही. आखूड दांड्याचा पटर घ्यायचा, चेंडूला हलकेच ढोसायचं आणि तो कापलेल्या गवतावरून घरंगळत होलात पडतो का ते बघायचं. पडत नाही. कारण ह्या ग्रीनवर हातभर जागा सपाट नाही. देवानं स्कॉटलंड घडवून झाल्यावर हाताला चिकटलेलं पीठ इथं झटकलं असावं आणि वरून थापायला विसरला असावा.

तेव्हा खेळ सगळा उताराचा. बाकीच्या जगातली माणसं उतार वाचायचा म्हणजे उकिडवी बसतात, गवताची चमक कुठल्या अंगाला आहे बघतात, पाणी ओतलं तर कुठं वाहील याचा विचार करतात. स्कार्नेसच्या बायकाही उकिडव्या बसतात, पण त्या एकदा बसल्या की लगेच उठता येत नाही म्हणून जरा जास्त वेळ बसतात, एवढंच. उतार त्या वाचतात नावावरून.

इथल्या प्रत्येक टेंगळाला आणि खळग्याला क्लबातल्या एकेका मेलेल्या बाईचं नाव आहे. ती बाई जशी होती, तसा तिथं चेंडू वळतो. आता पाचव्या होलाच्या वाटेवर जेसी लम्सडेन आहे. जिवंतपणी जेसीनं कुणाला सरळ पुढं जाऊ दिलं नाही. रस्त्यात गाठायची, कोपर धरायची आणि डाव्या हाताच्या आपल्या दारात ओढून न्यायची. म्हणून जेसीवरून चेंडू डावीकडे जातो. एकदा तर असा गेला की ग्रीनवरून उतरला, पोस्टाच्या पायऱ्या उतरला, धक्क्यावरून टुणकन एका होडीत पडला आणि नॉर्वेला जाऊन आला. पुढं पाद्रीणबाईंचा खळगा. त्या पुस्तकं वाचायला न्यायच्या. त्यांच्याकडे गेलेली वस्तू परत आल्याचं कुणाला आठवत नाही, चेंडूही येत नाही. आणि नवव्याला मिस फीमी. फीमी इतकी गरीब की मांजरीला बाजूला हो म्हणायलाही लाजायची. तिच्या नावाचं टेंगूळ छपरासारखं उभं आहे. पण फीमीला जोरात ढकलायचं कसं? म्हणून सगळ्या बायका चेंडूला नुसतं कुरवाळतात, चेंडू अर्ध्यावरून परत पायाशी येतो, आणि सगळ्या म्हणतात, "बिचारी फीमी, अजून संकोचते." टेंगूळ चढाचं आहे, असं आजवर एकीनंही म्हटलेलं नाही.

मागे एकदा एडिंबराहून एक गृहस्थ शिकवायला आले होते. चेंडू आणि होल यांच्या मधे पाय फाकून उभे राहिले, डोळे मिटले. कुठल्या पायावर भार जास्त येतो ते म्हणे तळव्यांना कळतं. मग हात लांब करून दोन बोटं वर केली आणि बोटांच्या कडेनं नेम धरला. समोर बाकावर क्लबची कॅप्टन ग्रिझेल पिटकेर्न बसली होती. तिकडे समोरच्याला अशी उलट्या पंजाची दोन बोटं दाखवली तर त्याचा अर्थ पाद्र्याला सांगता येत नाही. ग्रिझेल सावकाश उठली आणि तिनंही दोन बोटं दाखवली. गृहस्थांना वाटलं, बाईंना पद्धत पटली. खुशीत गेले.

तर अशा ह्या क्लबात एफी रेनी खेळायची. एफी म्हणजे बेकरीतली. जन्मभर पाय विकले, म्हणजे इंग्रजी पाय, कणकेच्या वाटीत मटण भरून भाजलेले. बोलणं कमी, पण जे बोलायची ते सुरीनं पाय कापल्यासारखं, बरोबर मधोमध. तिची धाकटी बहीण नॅन अगदी उलटी. नॅन बोलायची भरपूर आणि हसायची त्याहून जास्त. ती हसायला लागली की बंदरातल्या होड्या दोरखंडाला ओढ द्यायच्या. एकदा दाट धुक्यात वाट चुकलेली मासेमारीची होडी तिच्या हसण्याच्या रोखानं सुखरूप बंदराला लागली. कोळ्यांनी दीपस्तंभाचे आभार मानले. दीपस्तंभ त्या दिवशी बंद होता.

ती नॅन एका हिवाळ्यात गेली. नवऱ्याच्या गावी, दूर आत, बटाट्याच्या शेतांपलीकडच्या चर्चच्या आवारात पुरली. तिचं स्कार्नेसमधलं घर लंडनच्या माणसांनी घेतलं. त्यांनी दार निळं रंगवलं, खिडकीत लाकडी बगळा ठेवला आणि उन्हाळ्यात येईपर्यंत कुलूप लावून गेले. एफी रोज त्या बगळ्यासमोरून जायची. बेकरीत पहिल्या महिन्यात लोक नॅनची आठवण काढायचे. मग दुसऱ्या महिन्यात हवेबद्दल बोलायला लागले. लोकांचं तरी काय, हवा रोज असते.

आणि मग वसंतात ग्रीनवर नवीन टेंगूळ उठलं.

हिवाळ्याच्या वादळानं वाळू आणून टाकली असेल, गवत तिच्यावर चढलं असेल. पण इतकं साधं कारण क्लबाला कसं चालेल? कुणी म्हणे ससे खालून बंगला बांधताहेत. कुणी म्हणे जुन्या गलबताची डोलकाठी वर येतेय. शेवटच्या होलाच्या बरोबर तोंडाशी ते उठलं होतं, उलट्या टोपासारखं. गवत कापणारा मर्डो ते सपाट करायला फावडं घेऊन आला, तर बायकांनी त्याला फावड्यासकट हाकललं.

ह्या क्लबाचा रिवाज असा की नवं टेंगूळ आलं तर त्याचं बारसं शरदातला चषक जिंकणारी करते. तिनं टेंगळावर उभं राहायचं, कपातला उरलेला चहा त्याच्यावर ओतायचा आणि गेलेल्या एका सभासद बाईचं नाव मोठ्यानं घ्यायचं. बस. त्यानंतर दर बुधवारी, पाऊस असो की वारा, ते नाव पन्नास तोंडांत येतं. "जेसीनं खाल्लं गं मला." "पाद्रीणबाईत पडले." चर्चच्या आवारातल्या दगडावरची नावं शेवाळाखाली जातात. ग्रीनवरची जात नाहीत, कारण चुकलेल्या चेंडूचा राग कुणावर तरी काढावा लागतो.

एफीला दुसरं काही नको होतं.

"मी जिंकले तर नॅन," तिनं क्लबाच्या छपरीत चहा पिताना सांगून टाकलं.

ग्रिझेल पिटकेर्न बिस्किट चहात बुडवत होती. तिनं ते बुडू दिलं.

"मी जिंकले तर ग्रिझेल," ती म्हणाली.

"कुठली ग्रिझेल?" सेंगा डफनं विचारलं. सेंगा क्लबाची चिटणीस. दुसऱ्यांच्या मनात येऊन विरून जातं ते हिच्या तोंडातून बाहेर पडतं.

"गावात किती आहेत?"

"एकच. पण ती तर तू. आणि तू जिवंत आहेस."

"त्याला माझा नाइलाज आहे."

"अगं, पण नाव गेलेल्या बाईचंच—"

"जाणारच आहे मी, सेंगा. सवडीनं जाईन. पण मी गेल्यावर तुम्ही काय कराल याचा मला काडीचा भरवसा नाही. सशाच्या बिळाशेजारचा एखादा ओला खळगा माझ्या गळ्यात माराल. चर्चच्या बाकावर हातमोजा टाकून जागा धरतात ना, तशी धरून ठेवते. आणि नॅन?" ती एफीकडे वळली. "त्या टेंगळाला नॅन? ते निदान एका जागी उभं तरी आहे."

एफीनं कप खाली ठेवला. "तुझ्या चहात बिस्किट मेलंय, ग्रिझेल. त्याचं नाव ठेव."

ग्रिझेलचा आणि नॅनचा वाद जुना होता. शेजारच्या गावाशी सामना होता तेव्हा नॅन ग्रिझेलची जोडीदार. नॅननं उतार वाचायचा, ग्रिझेलनं पट, म्हणजे चेंडूला तो ढोसा, मारायचा. नॅननं बराच वेळ इकडून तिकडून बघितलं, एक डोळा मिटला, दुसरा मिटला, आणि चपलेच्या टोकानं दाखवलं, "इथून." ग्रिझेलनं तिथून मारला. चेंडू जेसीवरून उतरला, पाद्रीणबाईंना वळसा घालून पुरुषांच्या तंबूत शिरला आणि पाहुण्यांच्या सूपमधे पडला. सामना गेला. त्यासाठी ग्रिझेलनं माफ केलंही असतं. पण नॅन हसली. गवतावर बसून हसली, मग आडवी पडून हसली. आणि ते हसू गावानं नंतर सगळा हिवाळा पुरवून पुरवून वापरलं.

चषकाच्या दिवशी वारा असा होता की समुद्रपक्षी उलटे उडत होते आणि तरी पोचत होते. एकेक करून बायका गळाल्या. सेंगा फीमीला कुरवाळता कुरवाळता गळाली. शेवटी उरल्या एफी आणि ग्रिझेल, आणि शेवटच्या होलाशी दोघी बरोबरीत. सगळा क्लब कोट घट्ट धरून भोवती उभा. मधे ते टेंगूळ, बिननावाचं.

आता खरी पंचाईत झाली. नावच नाही तर वाचायचं काय? ओळखपाळख नसलेल्या बाईच्या घरात शिरावं तसं झालं. सकाळपासून सगळ्यांनी ह्या होलावर तीन तीन, चार चार पट घालवले होते आणि होल सोडून जाताना पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होत्या, कोण असेल ही, म्हणून.

पहिली पाळी एफीची. ती उकिडवी बसली. तिनं ठरवलं, ही नॅनच. सकाळी ते मनाशी धरूनच ती आली होती. मग नॅन कुठं जाईल? जिथं गप्पा असतील तिथं. बाक डाव्या हाताला, बाकावर बायका, बायकांकडे किटली. नॅन डावीकडे जाणार. एफीनं होलाच्या चांगला वीतभर उजवीकडे नेम धरला आणि चेंडूला ढोसलं.

चेंडू ऐटीत चढला. माथ्यावर जरा थांबला. आणि उजवीकडे गेला, जिकडे कुत्रं नव्हतं.

एफी बघत राहिली. नॅनला जन्मभर ती सांगत आली होती, तू आता असं करशील. नॅननं एकदा तरी तसं केलं होतं?

तिथून एफीला आणखी दोन पट लागले. एकूण तीन.

ग्रिझेलनं उतार वाचलाच नाही. "हे टेंगूळ मीच आहे," ती म्हणाली, "आणि मी सरळ जाते." तिनं चेंडूला असा ठोसा दिला की तो टेंगळावर चढायच्या भानगडीत न पडता त्याला टकरून हवेत उडाला, होलाच्या काठीवर आपटला आणि दमून तिथंच बसला. दुसऱ्या पटात तिनं तो आत लोटला.

टाळ्या वाजल्या. हातमोज्यांतून वाजल्या, त्यामुळे उशीवर उशी आपटल्यासारख्या.

मग ग्रिझेल कप घेऊन टेंगळावर चढली. वाऱ्यानं निम्मा चहा सेंगाच्या कोटावर गेला. उरलेला तिनं ओतला, मान ताठ केली आणि बोटीच्या भोंग्यासारखी गरजली, "ग्रिझेल!"

हरकत घ्यायची कुणी? नियम होता, पण तो सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी कधी लिहिला नव्हता, आणि समोर कॅप्टनच उभी.

एफी घरी जाताना निळ्या दाराशी थांबली. लाकडी बगळ्यानं तिच्याकडे बघितलं. "हरले गं," ती म्हणाली. बगळ्याला नाही. तिनं दोन दिवस बेकरीत पाय मोजून दिले आणि कुणाशी चकार शब्द बोलली नाही. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही.

बुधवारी ती खेळायला गेली ती केवळ न गेल्यास ग्रिझेलला बरं वाटलं असतं म्हणून.

शेवटच्या होलाशी मर्डो टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्यासमोर कॅप्टनबाई, हातात छत्री.

"बाईसाहेब, ग्रिझेलवर काल दोनदा मशीन फिरवलं," मर्डो म्हणाला, "पण तिचा खरखरीतपणा काही जात नाही. आणि मागच्या अंगानं ती फार पसरलीय. म्हटलं तुम्हाला विचारून थोडी छाटू का?"

ग्रिझेलची छत्री मिटलेली होती ती उघडली.

"तिला आहे तशी राहू दे," ती म्हणाली.

"बरं. सशांनी लेंड्या टाकल्यात वर, तेवढं झाडून घेतो."

मर्डोच्या मनात काही नव्हतं. मर्डोच्या मनात कधीच काही नसतं, त्यासाठीच त्याला गवत कापायला ठेवलंय. एफी मात्र आपला पटर पुसत जागच्या जागी थांबली. तिच्या पाठीमागून सेंगा आली, बिस्किट चावत.

"एफी, मी आत्ता जाऊन बघितलं. ग्रिझेल खालून पोकळ आहे का गं? पाय ठेवला की डुबडुब आवाज येतो."

"असेल," एफी म्हणाली. तिनं ग्रिझेलकडे बघितलं, म्हणजे छत्रीवालीकडे. ती समुद्राकडे तोंड करून उभी होती, पण तिचा कान इकडे होता. टोपीतून बाहेर आला होता. "लांबून भरीव वाटायची. पण वाळूच ती."

"वाटायची?"

"सवय गं. टेंगळाला नाव असलं की आपण 'होती' म्हणतो ना. फीमी गरीब होती. जेसी ओढून न्यायची."

"खरंच की," सेंगा म्हणाली. आणि तिथून ती जी लागली. सेंगाला एखादी गोष्ट एकदा समजली की ती तिला थांबवता येत नाही. "म्हणजे ग्रिझेल कशी होती? वाचायची कशी? चेंडू कुठं न्यायची?"

एफी गुडघ्यावर बसली. सावकाश बसली. चाळीसेक बायका भोवती जमल्या, कारण एफी उतार वाचायला बसली की शिकायला मिळतं.

"हे बघा," ती म्हणाली, "समोरून ग्रिझेल फार उंच दिसते. पण तो सगळा देखावा. जवळ गेलं की गुडघ्याएवढीसुद्धा नाही. वारा जिकडून येईल तिकडे पाठ करते. पाऊस पडला की दोन दिवस कुरकुरते. हलक्या हातानं गेलात तर हुसकून लावेल, जोरात गेलात तर मुकाट्यानं वाट देईल. स्वतःचं असं वळण तिला नव्हतं. बिचारी."

"बिचारी," बायका म्हणाल्या. त्या कुजकटपणे म्हणाल्या असत्या तर ग्रिझेलला उत्तर देता आलं असतं. पण त्या अगदी मनापासून, मान हलवून म्हणाल्या, जशा सगळ्या टेंगळांना म्हणतात.

"मी इथं आहे!" छत्रीमागून आवाज आला.

"हो गं, ग्रिझेल," सेंगा म्हणाली. "तुला नाही. हिला."

त्या दिवसापासून ग्रीनवर बुधवार म्हणजे ग्रिझेलचं श्राद्ध झालं. "ग्रिझेलनं आज माझं वाटोळं केलं." "ग्रिझेलला टाळून गेलं तर सगळं सोपं आहे." "ग्रिझेलवर बसून डबा खाल्ला, ढुंगण ओलं झालं." छपरीत ग्रिझेल आत आली की बायका चमकून बघायच्या, जरा जास्तच चमकून. कुणी तिला पहिली खुर्ची द्यायची, कुणी म्हणायची, "रंग बरा दिसतोय हं तुझा." रंग तिचा जन्मभर बरा होता, आजवर कुणी तसं म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात ग्रिझेल डॉक्टरांकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारख्या आहात. ती म्हणाली, तसं कागदावर द्या.

आणि कहर झाला तो शेजारच्या इनव्हरफॉलच्या बायका पाहुण्या म्हणून आल्या तेव्हा. त्यांची कॅप्टन लॉकहार्टबाई, मऊ स्वभावाची, मोत्यांची माळ घातलेली, डोळ्यांत नेहमी पाणी तयार. तिला ग्रीन दाखवायला एफीच निघाली. जेसी दाखवली, पाद्रीणबाई दाखवल्या, फीमी दाखवली.

"आणि ही नवीन?" लॉकहार्टबाईनं विचारलं.

"ही ग्रिझेल."

"अगंबाई. नुकत्याच?"

"शरदात."

"फार त्रास झाला का हो?"

"आम्हाला? झाला थोडा," एफी म्हणाली.

लॉकहार्टबाईनं रुमाल काढला. तेवढ्यात ग्रिझेल पाहुण्यांच्या स्वागताला हात पुढं करून आली. "मी कॅप्टन. ग्रिझेल पिटकेर्न."

लॉकहार्टबाईनं तो हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. "म्हणजे त्यांच्याच नावाच्या! जवळच्या होत्या का तुमच्या?"

ग्रिझेल हात सोडवून घ्यायला बघत होती.

"फार जवळच्या," सेंगा मदतीला धावली. "रोज एकत्र असायच्या."

"धीर धरा हं," लॉकहार्टबाई म्हणाली आणि ग्रिझेलला कवटाळून खरोखर रडली. तिच्यामागच्या बायांनी रांग लावली. एकेकीनं हात दाबला. एकीनं तर पर्समधून दूध-साखरेची वडी काढून दिली, अशा वेळी गोड खाल्लं की बरं वाटतं म्हणून. ग्रिझेलनं ती खाल्ली. करणार काय? स्वतःच्याच मयताला आलेली बाई वडी नको म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरी उघडायच्या वेळेला ग्रिझेल काउंटरसमोर उभी होती.

"एक पाय दे," ती म्हणाली.

एफीनं दिला.

"ते टेंगूळ," ग्रिझेल पायाकडे बघत म्हणाली, "माझ्या मापाचं नाही."

"असं कसं? लोक तर म्हणतात, तुझ्यासारखंच आहे."

"तेच. लोक. लोकांची तोंडं आहेत का गटारं? मी सकाळी उठते, आरशात बघते, आणि मलाच वाटतं, अरे ही अजून इथं काय करतेय!" तिनं पाय काउंटरवर ठेवला. "नाव बदलायचं."

"बदलता येतं?"

"येतं. कॅप्टन म्हणते, येतं. नियम कुठं लिहिलाय?"

"मग काय ठेवतेस?"

"तुला माहीत आहे."

"मला काय माहीत? मी हरलेली बाई."

"एफी, माझा अंत पाहू नकोस."

"तो झाला की शरदातच. चहासुद्धा ओतला."

ग्रिझेलनं काउंटरवरचा पाय उचलला, परत ठेवला. "तुझ्या बहिणीचं," ती म्हणाली.

"मला बहिणी तीन होत्या."

"हसणारीचं!"

"नाव घे ना, ग्रिझेल. जीभ जळणार नाही."

बाहेर दाराशी गिऱ्हाइकं थांबली होती. आत येत नव्हती, काचेला नाकं लावून उभी होती. ग्रिझेलनं डोळे मिटले. "नॅन," ती म्हणाली. इतकं हळू की पायातल्या मटणालाच ऐकू गेलं असेल.

"बुधवारी जरा मोठ्यानं म्हण," एफी म्हणाली आणि पाय कागदात बांधून दिला.

बुधवारी ग्रिझेल पुन्हा टेंगळावर चढली. ह्या वेळी वारा पडला होता, चहा सगळा टेंगळावरच सांडला. तिनं नाव घेतलं. एक शब्द, आणि खाली उतरली. बायकांनी उशा आपटल्या.

"आता कॅप्टननं पहिला पट मारायचा," सेंगा म्हणाली. असा काही रिवाज नव्हता. तो तिनं तिथंच काढला.

ग्रिझेल नाकातून श्वास सोडत चेंडूपाशी गेली. ह्या वेळी मात्र ती उकिडवी बसली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं एकदाचा नेम धरला, होलाच्या थोडा डावीकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा हलक्या हातानं चेंडू ढोसला.

चेंडू अलगद चढला. माथ्यावर पोचला. थांबला. डावीकडे झुकला, मग विचार बदलला, उजवीकडे झुकला. पुन्हा थांबला. आणि मग सगळ्या क्लबासमोर, काही घाई नसल्यासारखा, आल्या वाटेनं खाली आला, ग्रिझेलच्या दोन पायांमधून गेला, तिच्या मागं उतारावर लागला आणि पुरुषांच्या मैदानाच्या दिशेनं वेग घेत निघाला.

"नॅन!" ग्रिझेल ओरडली. पटर गवतावर आपटला. "मेले, तेव्हाही असंच केलंस! तेव्हाही! सगळ्या गावासमोर! सूपमधे, नॅन! त्या वाटीत लोकांचं जेवण होतं! आणि हसत काय होतीस गं, मेले, लोळून लोळून—"

ती थांबेचना. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, शिवाय आवाज बोटीच्या भोंग्याचा. पुरुषांच्या मैदानावर खेळणारे थबकून बघायला लागले. धक्क्यावरच्या कोळ्यांनी माना वर केल्या. निळ्या दाराच्या घराची खिडकीसुद्धा थरथरली म्हणतात.

एफीनं बाकावर बसून किटलीतला चहा कपात ओतून घेतला. दोन चमचे साखर घातली, नीट ढवळली.

"जरा मोठ्यानं, ग्रिझेल," ती म्हणाली. "बंदराच्या पलीकडच्यांना नाव ऐकू येत नाहीये."